हरभऱ्याच्या रानातला आयरिश कवी

फेब्रुवारी सरत आला की आमच्या लातुरात दोन गोष्टी एकदमच रस्त्यावर येतात. हातगाड्यांवर हरभऱ्याचे शेवटचे ढाळे, आणि छातीशी पॅड धरून, ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत चाललेली बारावीची पोरं. ढाळे तोवर जून झालेले असतात, घाट्यांतले दाणे टणक लागतात, तरी मी घेते. हरभऱ्याच्या पाल्यावर पहाटे जे आंबट पाणी धरतं त्याला आमच्याकडं आंब म्हणतात. ढाळे सोलताना ती आंब बोटांना लागते, नखाच्या कडेला चीर असली की झोंबते, आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागत नाही. आमचे हे म्हणतात, "सोललेले मिळतात की बाजारात." मिळतात. पण सोललेल्याला आंब नसते, हे त्यांना तीस वर्षांत समजावता आलेलं नाही.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. पोरं मला घाबरतात, आणि घाबरलेलीच बरी, असं माझं मत आहे. यंदा बारावीच्या परीक्षेला केंद्रसंचालक म्हणून माझी नेमणूक झाली. पहिलाच पेपर इंग्रजीचा. अकराला घंटा झाली, सगळ्या खोल्यांत पेपर वाटून झाले, व्हरांड्यात एकदम ती ओळखीची शांतता पसरली, आणि मी ऑफिसात येऊन टेकते न टेकते तोच टेबलावरचा फोन वाजला.

"मॅडम, बिलोलीहून बोलून राहिलो. अश्विनीचा चुलता."

अश्विनी माझ्याच वर्गातली. हॉस्टेलला राहते, डाव्या हातानं लिहिते, शंका विचारताना आधी हसते.

"तिचे वडील सकाळीच गेले मॅडम. रानात मोटार चालू करायला गेले, छातीत कळ आली, तिथंच बसले ते बसलेच. तुम्ही एक करा. तिला काई सांगू नका. आमच्या गावची अजून एक पोरगी हाय तिथं परीक्षेला, तिला खबर लागली तर ती सांगंल. तेवढं बघा. मामा जीप घेऊन निघालाय, पेपर सुटला की घेऊन येईल तिला."

मी विचारलं, "आणि माती कधी?"

"चारला उचलून राहिलो. पाव्हणे जमले, ऊनबी लई हाय."

पेपर सुटणार दोन वाजून दहा मिनिटांनी. लातूरहून उदगीर, देगलूर करत बिलोली म्हणजे चार तासांचा रस्ता. हिशोब करायला मला फार वेळ लागला नाही. "मी फोन करते तुम्हाला," एवढं बोलून मी ठेवला. मग उठून सात नंबरच्या खोलीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. अश्विनी मान वाकडी करून लिहीत होती. मला बघून हसली, आणि परत लिहायला लागली.

मी ऑफिसात येऊन बसले. कुणी काही विचारलं तर वसकन अंगावर जायची, म्हणून दार लोटून घेतलं.

हरभरा, परीक्षा आणि मयताची दाबलेली खबर, या तिन्ही गोष्टी माझ्या आयुष्यात एकदा एकाच मोसमात आल्या होत्या. त्यात एक आयरिश कवीही होता. त्याचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. आमच्या शिवारात त्याला नावानं कुणी ओळखलं नाही. तिथं तो "पोरीचा कवी" होता, म्हणजे माझा.

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी बहिःस्थ बसले होते. कॉलेजचं तोंड न बघता घरी अभ्यास करायचा आणि परीक्षेपुरतं नांदेडला जायचं. आमचं गाव चाकूरपासून दोन कोसांवर. अण्णा, म्हणजे माझे वडील, चाकुरात एका कचेरीत शिपाई होते. माय दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायची. आमच्या बौद्धवाड्यात जमीन कुणालाच नव्हती, पण पोरीनं शिकायचं यावर कुणी वाद घालत नव्हतं. अण्णांनी फक्त एवढंच सांगितलं होतं, "पंचावन्न टक्के पाड. पंचावन्न पडले की कॉलेजात मास्तरीण होतीस. चोपन्न पडले तर जन्मभर लोकांच्या पोरांच्या शिकवण्या घेत बसशील." ते खरंच होतं. नियमच तसा होता. त्या एका टक्क्याच्या पलीकडं माझं सगळं आयुष्य उभं होतं.

लिहायला कागद अण्णा आणायचे. कचेरीतल्या रद्दीतले, एका बाजूनं कोरे राहिलेले. "साहेबाला इचारून आणलेत बरं का," हे दर खेपेला सांगायचे, जसं काही मी पोलिसात जाणार होते. माझ्या नोट्सच्या एका बाजूला कुणाचा तरी रहिवासी दाखल्याचा अर्ज असायचा आणि दुसऱ्या बाजूला आयर्लंड.

एक अख्खा पेपर त्या एकट्या कवीवर होता. त्यातला पहिला प्रश्न वर्षानुवर्षं ठरलेला: कवीचं जीवन आणि साहित्यिक कारकीर्द. वीस मार्क. नांदेडहून आणलेल्या गाइडात त्याचं बारा पानी उत्तर होतं. ते पाठ झालं की किल्ला निम्मा सर, असं सगळेच म्हणायचे. मी पाठ करायला घेतलं आणि नेमका हरभरा काढणीला आला.

हरभरा पहाटेच उपटावा लागतो. ऊन चढलं की घाटे तडकतात आणि दाणे रानात गळतात. म्हणून बाया तांबडं फुटायच्या आत रानात हजर. काढणीत घरातला एक हातही बसून राहिलेला चालत नाही, त्यामुळं मीही जायची. ओळीत वाकून उपटत जायचं, पेंढ्या मागं टाकत जायचं. आंबेनं हात भाजल्यासारखे व्हायचे. लुगड्याच्या चिंध्या बोटांना गुंडाळल्या तरी रात्रीपर्यंत आग राहायची. थंडी पायाला, आग हाताला. आणि अशात मी इंग्रजीत पुटपुटत असायची.

टोळीची म्होरकी गयाबाई. साठीची, तोंडानं फटकळ, हातानं सगळ्यांत चपळ. तिसऱ्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय गं बडबडून राहिलीस सकाळधरनं?"

"अभ्यास करून राहिले."

"मंग आमाला समजंल असं बडबड की. फुकटात आमचाबी होईल."

बाया हसल्या. मायसुद्धा हसली. आणि मी कवीचं आयुष्य आमच्या बोलीत सांगायला लागले. आजवर मी शेकडो तास शिकवलं असेल, पण तेवढी कान देऊन ऐकणारी मंडळी मला परत भेटली नाहीत.

आयर्लंडच्या पश्चिमेला, समुद्राकडच्या एका गावात तो जन्मला. बाप दलदलीतली माती कापून, वाळवून गाडीनं विकायचा, कारण तिकडं चुलीत तीच जाळतात. इथंच पहिला खोळंबा झाला.

"माती जळती व्हय?" गयाबाई म्हणाली. "पोरगी शिकून येडी झाली."

"जळत असंल," माय म्हणाली. "देस त्यांचा, माती त्यांची. आपुन कोण सांगणार?"

माय अशीच होती. न बघितलेल्या माणसाचीही बाजू घ्यायची. कवीची माय लोकांची धुणी धुवायची, हे मी सांगितलं तेव्हा बायांचे हात जरा हळू झाले. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी. घरची भाषा शाळेत बोललं की पोराच्या गळ्यातल्या लाकडी पट्टीवर एक खाच पाडायचे आणि संध्याकाळी खाचा मोजून तितक्या छड्या. "आपल्याला तर रोज फोडून काढलं असतं की मास्तरनं," एकजण म्हणाली. मला चाकूरच्या हायस्कुलात माझ्या 'हाय-न्हाय'वर हसणारे सर आठवले, आणि गाइडातलं ते पान मला पुन्हा पाठ करावं लागलं नाही.

असा तो रोज पहाटे थोडा थोडा मोठा होत गेला. चोविसाव्या वर्षी त्याचं पहिलं पुस्तक आलं, धन्याच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत. दुसऱ्या पुस्तकानं नाव झालं. तो लंडनला गेला, रेडिओवर बोलला, मानाची बक्षिसं मिळाली. बाया खूश होत्या. "धुणंवालीचं पोरगं हाय," असं त्या शेजारच्या पट्टीतल्या टोळीला सांगायच्या. आणि मग सहाव्या पानावर ते वाक्य आलं. पूर्वनियोजित कार्यक्रमांमुळे कवीला मातेच्या अंत्यविधीस उपस्थित राहता आलं नाही.

मी ते सहज सांगून टाकलं. ओळ थांबली.

"मायच्या मातीला आला न्हाई?" गयाबाईनं विचारलं.

"कार्यक्रम होता त्याचा."

"कसला कार्यक्रम?"

"कविता म्हणायचा."

गयाबाईनं हातातली पेंढी खाली टाकली. "मंग कसला गं कवी? राहू दे त्याचं. दुसरं काई असंल तर सांग."

माझी पंचाईत झाली. सहा पानं अजून शिल्लक होती. त्यानंतर तो नऊ वर्षं एक ओळ लिहू शकला नाही, नंतर मायवरच त्यानं एक अख्खं पुस्तक लिहिलं, म्हातारपणी घरच्या भाषेत छोट्या छोट्या कविता केल्या, हे सगळं त्या बायांना सांगायचं होतं. ऐकायला कुणी तयार नाही. दुसऱ्या दिवशी मी तोंड उघडलं की गयाबाई मोठ्यानं गाणं म्हणायची. परदेशातल्या एवढ्या नावाजलेल्या माणसाला चाकूरच्या शिवारात वाळीत टाकलेलं मी डोळ्यांनी बघितलं.

त्याला वाचवलं मायनं. तिसऱ्या दिवशी, भाकरीला बसलो तेव्हा, ती खाली मान घालून कांदा फोडत म्हणाली, "त्याला कुणी कळवलंच नसंल."

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं.

"आपल्यात न्हाई का? पोरगं परीक्षेला बसलं की मयताची खबर दाबून धरतेत. त्याचीबी ती परीक्षाच की, एवढ्या मोठ्या लोकांपुढं म्हणायचं म्हंजी. बहीण हाय म्हणली होतीस ना त्याला? तिनंच दाबली असंल. मागून कळलं असंल बिचाऱ्याला. त्याबिगर का नऊ वर्सं त्याची वाचा बसली?"

बायांना पटलं. पटायलाच हवं, कारण प्रत्येकीच्या घरात असं एक तरी उदाहरण होतं. कुणाच्या दीराला आज्याची खबर दहावीचा शेवटचा पेपर टाकल्यावर दिली होती, कुणाच्या भावाला पोलीसभरतीतून आल्यावर. आमच्याकडं जीव लावणं म्हणजे खबर दाबणं, यात वावगं कुणालाच काही दिसत नव्हतं. मलाही नाही. गयाबाई म्हणाली, "हाव, बहिणीनंच दाबली असंल. तसंच असंल. मंग सांग पुढं." कवी निर्दोष सुटला आणि माझी उरलेली सहा पानं पार पडली.

परीक्षा मार्चअखेर लागली. नांदेडला विष्णुपुरीकडच्या बाजूला माझी मावशी राहायची, तिच्याकडं उतरले. निघताना अण्णा चाकूरच्या स्टँडवर आले होते. गाडी हलेपर्यंत खिडकीपाशी उभे राहून त्यांनी तीनदा विचारलं, "हॉलतिकीट घेतलंस का?" तिसऱ्यांदा मी चिडून म्हणाले, "घेतलंय हो अण्णा, किती वेळा सांगू?" ते आमचं शेवटचं बोलणं. एवढी वर्षं झाली, मी कितीजणांवर ओरडले असेन त्याला गणती नाही, पण ते एक वाक्य मला परत घेता आलं असतं तर मी काय वाटेल ते दिलं असतं.

कवीचा पेपर शेवटचा होता. त्या सकाळी मावशीनं केलेल्या वरणात मीठच नव्हतं. मी हसून सांगितलं, तर ती "राहिलं बाई" म्हणाली आणि आत गेली. तिच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, सुट्टी काढून मला स्कूटरवर सोडलं आणि तीन तास गेटबाहेर लिंबाखाली बसून राहिले. माझ्यावर किती जीव यांचा, असं मला वाटलं. पेपरात पहिला प्रश्न तोच आला. मी सपासप लिहीत गेले, आणि सहाव्या पानावरच्या त्या वाक्यापाशी आल्यावर पहिल्यांदा गाइड सोडलं. कदाचित त्याला कुणी कळवलंच नसेल, असं लिहिलं. काही समाजांत दुःखाची बातमी मायेपोटी रोखून धरतात, आणि कवीचं पुढचं मौन त्या रोखलेल्या बातमीचं असावं, असंही लिहिलं. मायचंच म्हणणं, फक्त इंग्रजीत. लिहून झाल्यावर मला स्वतःचाच फार अभिमान वाटला.

पेपर सुटल्यावर मैत्रिणीबरोबर विष्णुपुरीच्या धरणावर गेले. काका नको म्हणत होते, पण मी ऐकलं नाही. गोदावरीचं पाणी काठोकाठ होतं, वारा होता, आम्ही उसाचा रस प्यालो, पंचावन्नच्या वर किती पडतील यावर वाद घातला आणि पोट दुखेपर्यंत हसलो. अण्णा आदल्या दिवशी सकाळीच गेले होते. संध्याकाळी माती झाली होती. मी धरणावर हसत होते तेव्हा त्यांची राखसुद्धा निवली असेल.

परत आल्यावर काकांनी गावाकडं जायला जीप केली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, मी विचारत राहिले आणि ते सांगत राहिले, "अण्णाला जरा बरं न्हाई. दवाखान्यात दाखवलंय." त्या सगळ्या रस्ताभर माझ्या मनात अण्णा जिवंत होते. मी त्यांच्यासाठी अहमदपुरात मोसंबीसुद्धा घ्यायला लावली. काकांनी घेतली. बिचाऱ्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरले तेव्हा दारात गडीमाणसं माना खाली घालून बसलेली दिसली, आणि अण्णांची बाज भिंतीला उभी लावलेली. हातात मोसंबीची पिशवी घेऊन मी ती उभी बाज बघत राहिले.

माय कोपऱ्यात बसली होती. गयाबाई तिच्याजवळ. मायनं मला बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पेपर कसा गेला?"

महिनाभर मी तिच्याशी बोलले नाही. बोलले तेव्हा एकच विचारलं, का कळवलं नाहीस? ती म्हणाली, "सगळे कळवा म्हणत होते. गयाबाईसुद्धा. म्याच नको म्हणलं. म्हणलं, त्या कवीच्या बहिणीनं न्हाई का काळीज दगडाचं केलं? म्हणून तर तो एवढा मोठा झाला." मला ओरडून सांगावंसं वाटलं, माय, ते गाइडात नव्हतं, ते तूच केलंस, तुझ्या मनानं. पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि घागर उचलून पाण्याला गेले. मला सत्तावन्न टक्के पडले. कवीच्या पेपरात सगळ्यांत जास्त.

ऑफिसातल्या घड्याळात साडेबारा होत आले तेव्हा मी बिलोलीला फोन लावला. चुलत्यानं उचलला. मी म्हणाले, "पोरीला पेपर होईपर्यंत मी काही सांगत नाही. कबूल. पण ती आल्याशिवाय उचलायचं नाही."

"मॅडम, सहा वाजतील. दिवस बुडायला येईल. पाव्हणे लांबलांबून आलेत."

"पाव्हण्यांना चहा द्या. थांबतील."

"तसं जमत न्हाई मॅडम आमच्यात."

"अश्विनीच्या आईला द्या फोन."

बराच वेळ फोनमधून नुसतं रडणं आणि बायांचा कालवा ऐकू येत होता. मग एक बसलेला आवाज आला. "मॅडम, त्यांचंच म्हणणं असायचं, काईबी होऊ द्या, पोरीचा पेपर चुकला न्हाई पायजे."

"पेपर चुकत नाही बाई. पेपर तिचा आहे, तसा बापपण तिचाच आहे. तोंड तरी बघू द्या तिला. मला बघायला मिळालं नव्हतं." माझा तो आवाज पोरांनी ऐकला असता तर त्यांना ओळखू आला नसता.

मग ती एवढंच म्हणाली, "बघते," आणि फोन कट झाला.

बघते म्हणजे काय, ते मला कळलं नाही. परत लावला तर कुणी उचलेना. मी वर्गांवरून फेरी मारली. एका पोराच्या पायाशी पडलेली चिठ्ठी उचलली, ते नुसतंच बसचं तिकीट निघालं, तरी त्याला दोन शब्द सुनावले. पुरवण्या वाटायला लावल्या. मन ठिकाणावर नव्हतं. पुन्हा येऊन बसले आणि पुन्हा तो कवी समोर.

नोकरी लागल्यावर मी पीएच.डी.ला त्यालाच घेतलं. दुसऱ्या कुणाला घेणार? दोन उन्हाळे हैदराबादच्या एका ग्रंथालयात काढले. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या पत्रांचा जाड ग्रंथ हाती आला. म्हातारपणी बहिणीला लिहिलेल्या एका पत्रात त्यानं स्वतःच सगळं सांगितलेलं होतं. बहिणीनं खबर दाबली नव्हती. तिची तार त्याला वेळेवर, मातीच्या दोन दिवस आधी मिळाली होती. ती त्यानं कोटाच्या खिशात घातली, ठरल्याप्रमाणं कविता वाचल्या, टाळ्या घेतल्या, आणि नंतर मात्र त्याला घराकडं तोंड करायची हिंमत झाली नाही. नऊ वर्षांच्या मौनाचं कारण ते होतं. म्हणजे गयाबाईचा निकालच बरोबर होता.

मी पुस्तक मिटून बाहेर पायरीवर येऊन बसले. मला त्या कवीचा राग आला नाही, मायचा आला. आणि मग मायची इतकी कीव आली की रडूच फुटलं. तिनं ज्याच्या आधारानं नवऱ्याची माती लेकीवाचून उरकली, तसं आयर्लंडात काही घडलंच नव्हतं. एका न बघितलेल्या पोराची तिनं बाजू घेतली, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याच्याच भरवशावर काळीज घट्ट केलं.

दिवाळीला गावी गेले ती हे सांगायचं ठरवूनच. माय ओट्यावर बसली होती. समोर वाड्यातली चार-पाच पोरं, आणि ती त्यांना सांगत होती, "तिकडं माती जाळतेत चुलीत. आणि त्या धुणंवालीचं पोरगं लई हुशार..." गुडघे गेले होते, दात गेले होते, पण माझी बारा पानं तिला जशीच्या तशी पाठ होती. मी आत जाऊन चहा टाकला. सांगितलं नाही. पुढं ती गेली, मी तिच्या उशाशी होते, तेव्हाही सांगितलं नाही. मीसुद्धा शेवटी खबर दाबणाऱ्यांतलीच निघाले.

दोन वाजून दहा मिनिटांनी घंटा झाली. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सील करायचं काम मी उपसंचालकांवर सोपवलं. गेटपाशी धुळीनं भरलेली जीप उभी होती. तिच्याजवळ एक माणूस, डोळ्यांना रुमाल लावत होता आणि लगेच खिशात कोंबत होता. अश्विनीचा मामा. मी जवळ गेले आणि आधी तेच विचारलं, उचललं का? त्यानं सांगितलं, आत्ताच फोन आला होता, अश्विनीची आई दारात आडवी बसली आहे, कुणाला हात लावू देत नाही. मग माझ्यापुढं हात जोडून म्हणाला, "पण मॅडम, तुम्ही तिला काई बोलू नका. मी सांगतो, पप्पाला जरा बरं न्हाई म्हणून. घरी गेल्यावर कळंल. रस्त्यात पोरगी बेजार होईल."

"होऊ द्या," मी म्हणाले. "तुम्ही तिला पाणी आणून ठेवा."

अश्विनी मैत्रिणींच्या घोळक्यातून पळतच आली. बोटांना शाई, गालावर शाई. "मॅडम, लई सोपा गेला. पत्रलेखन तर तुम्ही घेतलेलंच..." मग तिला मामा दिसला, आणि ती थांबली.

मी तिचा हात धरला. इतकी वर्षं वर्गात शुद्ध बोलणारी मी, तिला तिच्याच बोलीत सांगितलं. "अश्विनी, माय, तुझे पप्पा सकाळी गेले. छातीत कळ आली. दुखणं लांबलं न्हाई. तुझा पेपर होऊ दे म्हणून थांबलो होतो."

ती रडली नाही. तिचे ओठ हलले, आवाज दुसऱ्यांदा आला.

"माती झाली?"

"न्हाई," मी म्हणाले. "थांबलेत. तुझ्यासाठी थांबलेत."